उजेडाचे माप

"आजोबा, ह्यात सेल कुठे घालायचे?"

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या वरच्या खणातून एक चामड्याची पेटी खाली आली होती आणि तिच्यातला कॅमेरा उलटासुलटा करून माझी नात मला विचारीत होती. सेलावाचून चालणाऱ्या वस्तू तिच्या जगात फारशा नाहीत. घरात तशा दोनच, एक खलबत्ता आणि दुसरा मी.

"त्याला सेल लागत नाहीत," मी म्हणालो.

"मग चालतो कशावर?"

"उजेडावर."

आजोबा थट्टा करीत आहेत असे समजून ती हसली. मी कॅमेरा हातात घेतला. त्याच्या कपाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे पाडलेली काचेची पट्टी आहे. ती मी खिडकीकडे वळविली आणि वरच्या लहानशा झरोक्यात पाहा, असे तिला सांगितले. खरे सांगायचे तर मलाही खात्री नव्हती. पण केसाएवढा बारीक काटा हलला, उठला आणि सावकाश पलीकडे सरकला. मी काचेवर हात धरला. काटा खाली बसला. हात काढला, पुन्हा उठला. साठ वर्षांहून अधिक काळ गेला, तरी त्याची उजेडाची ओळख बुजलेली नाही.

नातीला मोठी गंमत वाटली. एखाद्या कुत्र्याच्या पिलाला 'ऊठ', 'बैस' शिकवावे, तसा तिने दहा-बारा वेळा तो काटा उठवला आणि बसवला. मी मात्र थोडा बाजूला झालो. त्या काट्याचा आणि आमच्या घराचा एक जुना हिशेब आहे, आणि त्यात एक चेहरा येणे राहिला आहे.

कॅमेरा माझ्या सांगलीच्या मामाचा, बापूमामाचा. 'व्हिटोमॅटिक' हे त्याचे नाव. जर्मनीतल्या फोग्टलेंडर कंपनीचा. आफ्रिकेत राहणाऱ्या एका आप्तांनी परत येताना मामासाठी तो आणला होता. मामा हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होता. हळकुंड मोडून आतला रंग पाहिला की माल कोणत्या प्रतीचा, ते तो डोळे झाकून सांगे, असे पेढीवरचे लोक म्हणत. रंग पाहायचा असल्यामुळे डोळे उघडे ठेवणे त्याला भाग होते, हा भाग निराळा.

आम्ही साताऱ्याचे. सांगली जिल्ह्याचे नाव १९६० सालापर्यंत 'दक्षिण सातारा' असे होते. तेवढ्या आधारावर माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सगळ्या सासुरवाडीला आपल्या मुलखाचे दक्षिण टोक समजत. अण्णा शाळामास्तर. त्यांच्यापाशीही एक कॅमेरा होता. जुना, घडीचा, भात्याचा. त्याला काटा नव्हता, काच नव्हती, काही नव्हते. फिल्मच्या डबीतून निघालेला एक कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून डकवून ठेवला होता. त्यावर भर उन्हाचा सूर्य, विरळ ढगांतला सूर्य, दाट ढग, घराची सावली अशी चित्रे आणि प्रत्येकापुढे आकडे होते. भर उन्हात कॅमेऱ्याचे छिद्र सोळाच्या आकड्यावर ठेवावे आणि फिल्मचा जो वेगाचा आकडा असेल, सेकंदाचा तितकावा भाग शटर उघडावे, हा त्या सगळ्याचा मूळ मंत्र. शंभराची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. बाकी सगळा अनुभव. यवतेश्वराच्या डोंगरावर सूर्य टेकला की छिद्र दोन घरे मोठे करायचे, मंगळवार तळ्याच्या काठी पाण्यावरून उजेड वर येतो म्हणून एक घर लहान करायचे, अशी त्यांची पुष्कळ सूत्रे होती. उजेड ही मोजायची वस्तू आहे, हेच मुळी अण्णांना मान्य नव्हते. मीठ कोणी तोलून घालते का, असे ते विचारीत.

मोठेपणी वाचू लागलो तेव्हा मला कळले की अण्णांची सूत्रे ही त्यांची एकट्याची मिरास नव्हती. १८८८ साली इंग्लंडात हर्टर आणि ड्रिफील्ड ह्या दोघांनी 'ॲक्टिनोग्राफ' नावाची सरकपट्टी काढली होती. वर्षाचा कोणता दिवस, दिवसाची कोणती वेळ, आकाश कसे आणि काच किती तेज, हे जुळवले की किती वेळ उजेड द्यावा ते ती सांगे. म्हणजे ते फोटोग्राफीचे पंचांगच. पुढे हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्सने खिशातल्या घड्याळाएवढा मीटर केला. त्यात उजेडाने काळवंडणाऱ्या कागदाचा तुकडा असे. शेजारच्या नमुन्याइतका तो काळा व्हायला किती सेकंद लागले ते मोजायचे आणि त्यावरून हिशेब करायचा. त्यानंतर डोळ्याला लावून पाहायचे मीटर आले. आत पायरीपायरीने अंधुक होत जाणारे आकडे. त्यांतला शेवटचा कोणता वाचता येतो ते पाहायचे. ह्या युक्तीत एकच खोट होती. आपला डोळा फार समजूतदार आहे. अंधारात गेलो की तो बाहुली मोठी करतो, थोड्याने भागवतो, आणि 'दिसते आहे की सगळे!' असे सांगतो. समजूतदार माणसाकडून खरा हिशेब कधी मिळत नाही.

हिशेबाला कोरडा माणूस लागतो. तो सापडला सेलेनियममध्ये. १८७३ साली विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज एंजिनिअर समुद्रातल्या तारा तपासण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरीत होता. त्यांच्यावर उजेड पडला की त्यांतून वीज अधिक सहजतेने वाहते, असे त्याला दिसून आले. पुढे असेही आढळले की सेलेनियमचा पातळ थर धातूच्या पत्र्यावर दिला आणि त्यावर उजेड पाडला, तर तो स्वतःच थोडीशी वीज उत्पन्न करतो. ही वीज इतकी अल्प, की तिने मुंगीही दचकायची नाही. पण लोहचुंबकाच्या मधोमध टांगलेले तारेचे बारीक वेटोळे तेवढ्यानेही फिरते, आणि त्याला जोडलेला काटा हलतो. अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने १९३२ साली ह्या तत्त्वावरचा मीटर बाजारात आणला. लवकरच तो कॅमेऱ्याच्या अंगातच बसू लागला. १९३६ सालच्या तिसऱ्या काँटॅक्सच्या डोक्यावर तो होता. तरी त्यावरचा आकडा वाचून कॅमेऱ्यावर हाताने लावावा लागे. मामाचा कॅमेरा त्याच्या पुढच्या पिढीतला. त्यात मीटर, छिद्र आणि शटर एकमेकांना जोडलेले होते. झरोक्यात एक काटा आणि एक वाटोळी खूण. काटा उजेडाच्या इच्छेने हले, खूण आपण कडे फिरवून हलवायची. दोघांची गाठ पडली की मुहूर्त साधला. "शुभ मंगल सावधान!" म्हणून मामा बटण दाबी.

१९६४ सालच्या दिवाळीला आम्ही सांगलीला गेलो. मी तेव्हा अकरा वर्षांचा. एस.टी. कऱ्हाड, इस्लामपूर करीत निघाली आणि आयर्विन पुलावर आली तेव्हा अण्णांनी सवयीप्रमाणे खिडकीतून कृष्णेकडे पाहिले आणि "अकरा, एकशेपंचविसावा," असे पुटपुटले. देवळाचा कळस दिसल्यावर लोक हात जोडतात. अण्णा आकडा सांगत.

पाडव्याच्या सकाळची गोष्ट. वाड्याच्या ओसरीला दिवाळीसाठी नवा चुना दिला होता. ऊन त्या भिंतीवर असे पडले होते की तिच्याकडे पाहवत नव्हते. आजी पूजा आटोपून ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. अंगावर धुवट पांढरे पातळ, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. आजीने आयुष्यात फोटो काढून घेतला नव्हता. आजोबांची तसबीर माजघरात होती आणि तिच्या शेजारी मामाने आधीच एक रिकामा खिळा ठोकून ठेवला होता. आजीला तो खिळा ठाऊक होता. "इतकी काय घाई आहे रे तुला?" असे ती म्हणे आणि फोटोची गोष्ट हसण्यावारी नेई. त्या दिवशी मात्र कशी कोण जाणे, ती तयार झाली.

मामा कॅमेरा घेऊन लगबगीने पुढे आला. आजीने हात वर केला. "तिथेच थांब. मी अजून सोवळ्यात आहे. ते चामड्याचं इकडे आणू नकोस."

मामा अंगणात, दहा-बारा पावलांवर उभा राहिला. त्याने कॅमेरा रोखला. काटा टोकाकडे धावला. मामाने कडे फिरवून फिरवून खूण त्याच्यामागे नेली, छिद्र लहान लहान होत गेले. अण्णा तुळशीपाशी उभे होते. त्यांना राहवले नाही.

"बापू, तुम्ही भिंत मोजलीत. आई मोजायच्या राहिल्या."

"दाजी, काटा खोटं बोलत नाही," मामा म्हणाला आणि त्याने बटण दाबले. नेमकी त्याच क्षणी आजी हसली. मामा-अण्णांच्या त्या चकमकीलाच हसली असावी.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संध्याकाळी आईने मामाला ओवाळले. आता पाळी अण्णांची. त्यांनी भात्याचा कॅमेरा पाटावर तीन पुस्तके ठेवून त्यांवर टेकवला. वर एक बल्ब आणि खाली निरांजन. मामाने आपल्या कॅमेऱ्याकडे पाहिले. "दाजी, काटा जागचा हलत नाही. उजेडच नाही."

"डोळ्यांना दिसतंय ना सगळं?" अण्णा म्हणाले आणि मीठ घालावे तसा त्यांनी अंदाजाने उजेड घातला.

दोन्ही फिल्म एका दुकानात धुवायला दिल्या. अण्णांच्या भाऊबिजेवर निरांजनाच्या ज्योतीचा एक ठिपका तेवढा उठला होता. भाऊ नव्हता, बहीण नव्हती. मामाच्या पाडव्यावर भिंतीचा चुना मात्र फार सुरेख आला होता. पोत दिसत होता, कुंचल्याचे फराटेसुद्धा दिसत होते. भिंतीपुढे करड्या पातळात कोणीतरी बसले होते आणि पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी काळोख होता.

आजीने तो फोटो हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला. "बरं झालं," ती म्हणाली, "सुरकुत्या नाही दिसत." मग मामाचे तोंड पाहून म्हणाली, "पुढल्या दिवाळीला काढ की. मी कुठे जाते?"

पुढच्या आषाढात ती गेली.

मामाने ती निगेटिव्ह घेऊन दोन-तीन ठिकाणी विचारले. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, की जे उठलेलेच नाही ते छापणार कसे? खिळा तसाच राहिला. मामाने नंतर फोटो काढल्याचे मला आठवत नाही. मी कॉलेजात गेलो तेव्हा त्याने पेटीसकट कॅमेरा माझ्या हातात दिला. "घे. चांगला आहे. पण त्या काट्यावर विसंबू नकोस. त्याने मला फसवलं," एवढेच तो म्हणाला.

कॉलेजात एका मित्राच्या घरी न्हाणीघराची डार्करूम केली होती. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाला तांबडा कागद गुंडाळून आम्ही तिथे रात्ररात्र फोटो छापीत असू. त्या तांबड्या उजेडात मी आजीची निगेटिव्ह अनेकदा लावली. चेहऱ्यावर हाताची सावली धरून पाहिले, मऊ कागद वापरून पाहिला. एकदा एका हनुवटीची कड आली, एकदा दातांची एक पुसट रेघ. आजी हसली होती एवढा पुरावा मिळाला. आजी मिळाली नाही. फिल्म जास्तीचा उजेड पुष्कळ सोसते, कमी उजेड तिला सोसत नाही, हा धडा मी तिथे शिकलो.

आणि तिथेच, एका पुस्तकात, मला काट्याचे मर्म कळले. काट्याला समोर काय आहे ते दिसत नाही. भिंत, माणूस, म्हैस, बर्फ, त्याला सारे सारखे. किती उजेड परत आला, एवढेच त्याला कळते. तेव्हा तो घडविणाऱ्यांनी एक गृहीत धरून ठेवले: जगातले सगळे काही सरासरीने मध्यम करडे आहे, पडलेल्या उजेडापैकी शेकडा अठराच्या आसपास परत पाठवणारे. बहुतेक वेळा हे गृहीत चालून जाते, कारण बहुतेक जग खरेच मधल्या रंगाचे आहे. पण नवा चुना शेकडा ऐंशीच्या आसपास उजेड परत फेकतो. काट्याला वाटले, मध्यम करड्याच वस्तूवर चौपट-पाचपट ऊन आहे. आणि त्याने तितका उजेड कमी करायला सांगितले. चुना करडा झाला, आणि आधीच सावलीत असलेला चेहरा काळोखात गेला. उलट, मोजायचे कशावरून? पुस्तकात लिहिले होते: माणसाचा फोटो असेल तर कॅमेरा जवळ न्या, चेहराच मोजा, मग मागे येऊन फोटो काढा. गोऱ्या चेहऱ्याला थोडा उजेड वाढवून द्यावा लागतो. आमची आजी गव्हाळ होती. कारखान्यात धरलेला मध्यम करडा आणि आजीचा चेहरा ह्यांत फार अंतर नव्हते. सगळ्या सांगलीत त्या सकाळी त्या काट्याचा हिशेब बरोबर ठरेल अशी जागा जर कुठली होती, तर ती नेमकी आजीच्या पदराआड होती.

सुटीत सांगलीला गेलो तेव्हा मी उत्साहाने मामाला हे सगळे सांगितले. काटा खोटा नव्हता. अण्णांचेही खरे होते. फक्त चेहऱ्यापर्यंत चार पावले पुढे जायला हवे होते. त्याच्या मनातली बोच काढतो आहोत, अशा समजुतीने मी बोलत होतो. मामा हळकुंड मोडून पाहावे तसा माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "ती सोवळ्यात होती रे."

मला त्यावर काही बोलता आले नाही. आजही येत नाही.

मीटर पुढे सुधारत गेले, आणि मी ते एखाद्या नातेवाइकाची प्रगती पाहावी तसे पाहत आलो. सेलेनियमची जागा कॅडमियम सल्फाइडने घेतली. ते स्वतः वीज करीत नाही. सेलातल्या विजेला उजेडाप्रमाणे वाट मोकळी करून देते. त्यामुळे सेल आला, पण वाटाण्याएवढ्या तुकड्यात मीटर मावू लागला आणि अंधुक उजेडातही काटा हलू लागला. मग त्याला कपाळावरून काढून कॅमेऱ्याच्या पोटात, भिंगाच्या मागे बसवले. भिंगाला जेवढे दिसते तेवढेच तो मोजू लागला. जपानात टॉपकॉनने १९६३ साली हे साधले, आणि पेंटॅक्सचा 'स्पॉटमॅटिक' निघाला १९६४ साली, आमच्या त्या पाडव्याच्या वर्षीच. कॅडमियमला एक खोड होती: प्रखर उजेड पाहिला की तो त्याच्या डोळ्यांपुढून लवकर हटत नसे. म्हणून पुढे सिलिकॉन आले, झटपट पाहणारे आणि झटपट विसरणारे. १९८३ साली निकॉनने 'एफ.ए.' कॅमेऱ्यात चित्राचे पाच भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा मोजला आणि असा उजेड कोणत्या प्रकारच्या देखाव्यात असतो ते आतल्या आत ताडून पाहण्याची सोय केली. मागे भिंत उजळ आहे आणि मध्ये काही तरी काळोखे आहे, तेव्हा ते महत्त्वाचे असेल, अशी शंका यंत्राला पहिल्यांदा येऊ लागली. आमच्या अण्णांना ती तुळशीपाशी उभ्या उभ्या आली होती.

अण्णा आता नाहीत, मामाही नाही. दोघे अखेरपर्यंत दर दिवाळीला हा वाद घालीत, पण भाऊबीज आणि पाडवा ह्या दोन फोटोंचा उल्लेख दोघेही टाळीत. एकाला अंदाजाने दगा दिला होता, दुसऱ्याला मापाने. आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

हे सगळे नातीला सांगून झाल्यावर तिने तो फोटो मागितला. मी वहीतून काढून दिला. तिने मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, बोटाने काहीतरी सरकवले आणि उजेड वाढवला. चुना पांढराफेक झाला, पातळ पांढरे झाले, पदराच्या आतला काळोख राखाडी झाला. चेहरा आला नाही. ती हिरमुसली. मी म्हणालो, "अगं, त्या दिवशी जेवढा उजेड आत गेला तेवढाच त्यात आहे."

मग तिने आपल्या आजीला खिडकीशी उभे केले. मागे भर उन्हातला पांढरा पडदा, पुढे आमच्या घरचा गव्हाळ चेहरा. मला जुनी धास्ती वाटली. पण मोबाइलच्या काचेवर आपोआप एक चौकोन उमटला, इकडेतिकडे न पाहता थेट चेहऱ्यावर जाऊन बसला, आणि चेहरा उजळला. पडदा बिचारा पार विरघळून गेला. त्याची कोणाला पर्वा नव्हती. ती चार पावले आता यंत्रच चालून जाते. मामाला हे पाहायला मिळायला हवे होते.

संध्याकाळी पणत्या लावल्या. नात कॅमेरा घेऊन अंगणात गेली आणि लगेच परत आली. "आजोबा, काटा हलत नाही. मेला का हो?"

"नाही. पणतीचा उजेड त्याला पुरत नाही."

मी कॅमेरा घेऊन उंबऱ्याशी बसलो आणि ती काचेची पट्टी पणतीच्या अगदी जवळ नेली, आच लागेल इतकी. नात झरोक्याला डोळा लावून बसली होती.

"हलला!" ती म्हणाली. "थोडासाच. पण हलला."